ईशापूरची २ए१ हलकी करायची आहे? आधी लाकूड सोडवा, नळीला हात नको

प्रश्न थोडक्यात असा. पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी तारण ठेवणाऱ्याच्या दुकानातून ईशापूरची, म्हणजे बंगालमधल्या सरकारी कारखान्यात बनलेली, २ए१ ही फौजी रायफल चारशे डॉलरला घेतली. बाथरूमच्या काट्यावर ती साडेचार किलो भरली. आता नळी अठरा इंचांवर कापायची, प्लास्टिकचा दस्ता लावायचा, वर दुर्बीण बसवायची आणि तीन किलोवर आणून येत्या हंगामात हरणामागे रानात जायचं, असा बेत आहे. विचारलंय, "सुरुवात कुठून करू?" आणि खाली सहज लिहिलंय, "दुकानात माउझरही होती, पण ही भारतात बनलेली म्हणून घेतली."

ती खालची ओळ वाचून मी लिहायला बसलो. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर हात बसवला, मग ओहायोत टूलरूममध्ये आलो आणि गेली सतरा वर्षं इथेच परवाना घेऊन बंदुकांची कामं करतो. फौजी रायफल कापून शिकारी करण्याची कामं शेकड्यानं पाहिली. त्यातली बरीच अर्धवट कापलेल्या अवस्थेत पिशवीतून माझ्याकडे आलेली.

तुमच्या बेतात तीन कामं आहेत. त्यातलं एक वजन थोडं उतरवतं, एक वजन चढवतं आणि एक तुम्हाला वाटतं तेवढं काहीच करत नाही. ते शेवटचं म्हणजे नळी कापणं. तोंडी हिशोब करू. टोकाकडे नळी बाहेरून साधारण १५ मिलिमीटर धरा, आतलं भोक पावणेआठ. कडेचं क्षेत्रफळ येतं १३० चौरस मिलिमीटरच्या आसपास. पोलाद घन सेंटिमीटरला पावणेआठ ग्रॅमच्या थोडं वर. म्हणजे एक इंच नळी कापली की २६ ग्रॅम जातात. मूळ नळी सव्वापंचवीस इंचांची आहे. अठरावर आणलीत तर सात इंच गेले, म्हणजे १९० ग्रॅम. नळी मागे जाड होत जाते म्हणून दोनशे धरा. दीड वडापाव! आणि वर जी दुर्बीण बसवणार ती माउंट-रिंगांसकट अर्धा किलोच्या घरात जाते. नळी कापून दुर्बीण लावली की रायफल आधीपेक्षा तीनशे ग्रॅम जड झाली, वर इंचामागे सेकंदाला पंचवीसेक फूट वेग गेला आणि आवाज कानठळ्या बसवणारा झाला तो वेगळाच.

म्हणून तुमचा खरा प्रश्न "हलकी कशी करू" हा नाहीच. दिवसभर रानात हातात वागवता येईल आणि खांद्याला लावली की पटकन नेमावर येईल, अशी कशी करू, हा आहे. त्याचं उत्तर काट्यापेक्षा तोलात जास्त सापडतं.

पुढे जायच्या आधी कायद्याचं उरकून घेतो, कारण इथे आपली मंडळी फसतात. तुम्ही ग्रीन कार्डवाले आहात असं लिहिलंय, तेव्हा केंद्राच्या कायद्याची अडचण नाही. पण हे वाचणारे कोणी एच-वन-बी वर असतील तर त्यांना अमेरिकेत बंदूक जवळ बाळगायला मुळात बंदी आहे. वैध शिकार परवाना असेल तर त्यातून सूट मिळते, पण तो कागद आधी हवा, बंदूक नंतर. मित्राची "जरा ठेव तुझ्याकडे" म्हणूनही घेऊ नका. दुसरं, रायफलची नळी १६ इंचांपेक्षा किंवा एकूण लांबी २६ इंचांपेक्षा कमी झाली, आणि तशी नोंदणी आधी केलेली नसली, तर तो १९३४ च्या केंद्रीय कायद्याखाली गुन्हा होतो. अठरा इंच चालतात, पण हॅकसॉ हातात घेतलेला माणूस एकदाच मोजतो हे मी पाहिलंय. आणि भारतात कोणी हे वाचून उत्साहात आलं असेल तर त्यांनी तिथेच थांबावं. तिकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यात नळी आखूड करायलाही वेगळा परवाना लागतो.

आता तुमच्या हातात काय आहे ते बघा. दस्ता जिथे लोखंडाला मिळतो त्या मनगटासारख्या भागावर उजवीकडे अशोकस्तंभाचे सिंह, खाली 'आर.एफ.आय.' (रायफल फॅक्टरी ईशापूर), वर्ष आणि 'रायफल ७.६२ एमएम २ए१' असं कोरलेलं असेल. १९६२ च्या चीन युद्धानंतर आपल्याकडे नव्या ७.६२ काडतुसाच्या रायफली कमी होत्या, तेव्हा ईशापूरनं जुन्या थ्री नॉट थ्रीच्याच घडणीवर, पण सुधारित पोलादात, ही रायफल काढली. ही जुनी थ्री नॉट थ्री बदलून केलेली नाही, नवीन बनवलेली आहे. मॅगझीन चौकोनी, बारा काडतुसांचं. हिची थोरली बहीण तुम्ही आम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे. रेल्वे स्टेशनवर हवालदाराच्या खांद्याला असायची तीच. २६/११ च्या रात्री सीएसटीवर आपल्या पोलिसांच्या हातातही थ्री नॉट थ्रीच होत्या.

माउझर न घेता ही घेतलीत याचा शिकारीच्या दृष्टीनं फायदाही आहे. जुन्या माउझरवर, म्हणजे जर्मन घडणीच्या फौजी रायफलीवर, दुर्बीण लावायची तर बऱ्याचदा बोल्टची (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या दांड्याची) मूठ तापवून खाली वाकवावी लागते आणि मागचा सेफ्टीचा पंखा बदलावा लागतो. लि-एनफील्डची, म्हणजे थ्री नॉट थ्रीच्या आणि तुमच्या या घडणीची, मूठ मुळातच खाली वळलेली आहे, सेफ्टी डाव्या बाजूला अंगठ्याखाली आहे आणि बोल्टचा झोका आखूड. तोटा असा की बोल्ट मागच्या टोकाला अडकतो, पुढे नाही. दाबाखाली ही घडण माउझरपेक्षा जास्त लवते. तिला कडक काडतुसं घालून मर्दुमकी दाखवायची नसते.

आणि हीच पहिली पायरी. लाकूड, वजन, दुर्बीण सगळं बाजूला ठेवा आणि आधी हेडस्पेस मोजून घ्या. म्हणजे बोल्ट बंद केल्यावर काडतुसाला मागेपुढे किती जागा उरते ते. फौजी ७.६२ आणि दुकानात मिळणारं थ्री-नॉट-एट ही दिसायला जुळी भावंडं, एकमेकांच्या घरात सहज शिरतात. पण फौजी चेंबर, म्हणजे नळीच्या मागे काडतूस बसतं ती जागा, थोडं सैल ठेवलेलं असतं आणि बाजारातल्या काडतुसाचं पितळ तुलनेनं पातळ. ही जागा काडतुसाच्या आकाराचे मापाचे तुकडे, म्हणजे गेज, घालून मोजतात. थ्री-नॉट-एटचा 'गो' गेज १.६३० इंचांचा, 'नो-गो' १.६३४ चा आणि 'फील्ड' १.६३८ चा. 'नो-गो' वर बोल्ट बंद झाला तर फौजी रायफलीत लगेच घाबरायचं कारण नाही. 'फील्ड' वरही सहज बंद झाला, तर ती रायफल भिंतीवर छान दिसेल. मधे कुठे असेल तर माझ्या कामात मी गिऱ्हाइकाला दीडशे ग्रेन वजनाच्या गोळीची, सौम्य भरलेली काडतुसं वापरायला सांगतो आणि पहिली दहा पितळं परत मागतो. बुडापासून थोडं वर चकचकीत कडं उमटलेलं दिसलं, की पितळ तिथे ताणलं जातंय आणि कधीतरी तुटणार. हे गेज वापरायला बोल्टचा एक्स्ट्रॅक्टर (रिकामं पितळ ओढून काढणारा आकडा) बाजूला ठेवून बोल्ट दोन बोटांनी बंद करायचा असतो. ताकद लावली तर गेज खोटं बोलतं. स्वतः नसेल करायचं तर जवळच्या गनस्मिथकडे न्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

रायफल ठणठणीत निघाली असं धरून चालतो. आता वजन. फुकटात उतरणारं आधी उतरवा. धातूच्या बुडाच्या पट्टीत छोटं झाकण आहे, ते उघडा. आत तेलाची बाटली आणि नळी साफ करायची दोरी सापडू शकते. मागच्या वर्षी एका गृहस्थांनी "जड आहे हो" म्हणत आणलेल्या रायफलीतून मी दोन्ही काढून टेबलावर ठेवली, तर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मग सुती फौजी पट्टा. मग पुढचं सगळं सामान: टोकाची पोलादी नोज-कॅप, वरची दोन लाकडी हँडगार्ड, मधली कडी. ही नोज-कॅप संगिनीचा धक्का झेलायला केलेली आहे. तुम्ही हरणावर संगीन घेऊन धावणार नसाल तर ती तिथे नको. आणि ती अगदी टोकाला असल्यामुळे तिचं वजन हाताला दुप्पट जाणवतं. हे सगळं निघालं की तोल पुढच्या हातावरून मागे, मॅगझीनकडे सरकतो. काट्यावर अर्ध्या किलोच्या आसपास फरक दिसेल, खांद्याला मात्र किलोभर उतरल्यासारखं वाटतं.

इथे एक धोका आहे आणि तो मी स्वतः भोगलाय. नवशिका होतो तेव्हा. या जातीच्या रायफलीत दस्ता आणि पुढचं लाकूड हे दोन वेगळे तुकडे. दस्ता आतून एका लांब बोल्टनं (हा साधा स्क्रू, रायफलीचा बोल्ट नव्हे) धरलेला असतो. बुडाच्या झाकणातून चामड्याचा बोळा उपसायचा आणि लांब पेचकसानं तो बोल्ट फिरवायचा, इतकं साधं काम. मी तेच केलं. बोल्ट जरा घट्ट होता, म्हणून पेचकसाला पाना लावला. चर्र असा आवाज आला. पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकाला बोटभर लांब चीर गेली होती. कारण त्या बोल्टचं दुसरं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडातल्या एका पट्टीच्या खाचेत बसलेलं असतं. बोल्ट फिरला की लाकूड आतून फाटतं. म्हणून क्रम पाठ करा: आधी पुढचं लाकूड पूर्ण उतरवायचं, मगच दस्त्याच्या बोल्टला हात लावायचा. गिऱ्हाइकाची होती ती. लाकूड मला भरून द्यावं लागलं.

पुढचं लाकूड उतरलं की त्याचा मागचा भाग उजेडात धरा. जिथे लोखंड धक्का देतं ती दोन आतली तोंडं असतात. ती कोरडी, टणक आणि दोन्हीकडे सारखी घासलेली असावीत. तेलानं काळी पडून स्पंजासारखी झाली असतील, नखानं दाबली तर खळगा पडत असेल, तर तुमच्या रायफलीच्या नेमाचा आजार तिथे आहे. नळी कापून तो बरा होणार नाही. मी अशा वेळी कुजलेलं लाकूड पटाशीनं काढून कडक लाकडाचे तुकडे इपॉक्सीनं बसवतो. इपॉक्सी ओतताना लोखंडाला मेणाचं पॉलिश सढळ हातानं लावा, नाहीतर रायफल आणि लाकूड जन्माचे एक होतील.

आता कापाकापी. तुमचं मूळ लाकूड अख्खं असेल तर माझं मत सरळ आहे: ते कापू नका. दुसरं पुढचं लाकूड घ्या. आधीच कापलेलं, भेगाळलेलं, कोणाच्या तरी खोक्यात पडलेलं इथल्या गन शोमध्ये स्वस्तात मिळतं. ते शिकारी घाटाचं करा, मूळ संच वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाका. दुसऱ्या महायुद्धानंतर या जातीच्या थ्री नॉट थ्री रायफली बादलीच्या भावात मिळत होत्या, तेव्हा इंग्लंडात, कॅनडात, अमेरिकेत लोकांनी आरी घेऊन हजारोंनी कापल्या. तेव्हा ते शहाणपणाचंच होतं. आता गणित उलटलंय. अख्खी रायफल वर्षागणिक चढतेय आणि कापलेली तिथेच राहिलीय. अशा अडाणी कापलेल्या रायफलीला इथले लोक 'बबा' केलेली म्हणतात, तो शब्द ऐकलात की समजा विकणाऱ्यानं भाव पाडला. तुमची आधीच कापलेली निघाली तर मात्र बिनधास्त कामाला लागा. एक बघून ठेवा: नव्वदच्या दशकात इथे २ए१ आखूड करून 'जंगल कार्बाइन'सारख्या दिसणाऱ्या रायफली विकल्या गेल्या. तुमची त्यातली असेल तर नळीचं काम आधीच झालेलं आहे.

लाकूड आखूड केल्यावर नेम बदलतो, आणि का ते कळल्याशिवाय लोक दुर्बिणीला दोष देत बसतात. या घडणीत पुढच्या लाकडात एक स्प्रिंगवाला खुंटा असतो, तो नळीला खालून वर दाबतो आणि नोज-कॅप तिला टोकाला सांभाळते. ते दोन्ही गेलं की नळी नव्या लयीत थरथरते. मी मग एकतर नळी सगळीकडून मोकळी सोडतो, लाकूड आणि नळीमध्ये पोस्टकार्ड सरकेल एवढी, किंवा टोकाला चामड्याची छोटी पट्टी ठेवतो. कोणतं चालेल ते रायफल ठरवते. पाच-पाच गोळ्यांचे गट मारून बघायचं, थंड नळीवर. उन्हात तापलेल्या नळीवर घेतलेला निर्णय मी मानत नाही.

दुर्बीण. तुमच्या भागात रान दाट आहे, हरीण बहुतेक वेळा शंभर यार्डांच्या आत दिसतं. तिथे मी या रायफलीवर दुर्बिणीऐवजी मागच्या लोखंडावर बसणारा भोकाचा साइट लावीन. फौजी मागचा साइट नळीवर, डोळ्यापासून दूर आहे. तो मागे आणला की माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंटा) आणि साइटमधलं अंतर वाढतं, डोळा आपोआप भोकाच्या मध्यात जातो आणि वजन काही तोळेच वाढतं. माशी नळीवर बसलेली असते, तिचे संरक्षक कान मात्र नोज-कॅपला. नोज-कॅप गेली की माशी उघडी पडते, फांदीला आपटून वाकते. म्हणून तिच्यावर छोटी कडी बसवून घ्या. पण तुमचं वय पन्नाशीच्या पुढे असेल आणि माशी धूसर दिसत असेल तर माझा सल्ला उलटा: छोटी दुर्बीण लावा, वजन सोसा. धूसर माशीनं मारलेलं हरीण जखमी होऊन पळतं, आणि संध्याकाळी कंदील घेऊन त्याच्या रक्ताच्या थेंबामागे फिरणं ही शिकार नाही. दुर्बिणीसाठी डावीकडच्या भिंतीत भोकं पाडून आटे कापावे लागले तर ते काम घरच्या ड्रिलवर करू नका. एक भोक पाव मिलिमीटर तिरकं गेलं की दुर्बीण आयुष्यभर एका बाजूला बघत राहते.

चापाबद्दल एवढंच: दोन टप्प्यांचा फौजी चाप वाईट नसतो, सवय नसते. त्याला कानस लावू नका. घासून चिकनं झालेलं सियर (चाप ओढेपर्यंत घोडा अडवून धरणारा तुकडा) कधी सुटेल याचा भरवसा नाही. बोल्ट जोरात बंद केल्यावर सुटलं तर समोर कोण आहे हे तेव्हा ठरतं.

प्लास्टिकच्या दस्त्याला माझी हरकत नाही, पण त्यानं होणारी बचत मॅगझीनमधल्या बारा काडतुसांनी भरून निघते. शिकारीला चार-पाच पुरतात. शिवाय ते मॅगझीन नेमकं तोलाच्या जागी खाली लोंबतं, रायफल हातात धरून चालताना बोटं तिथेच आपटतात. त्यावर मला अजून समाधानकारक उपाय सापडलेला नाही. मी पट्टा वापरतो.

म्हणजे तीन किलो? नाही होणार. हे सगळं करून साडेतीन-पावणेचारच्या दरम्यान थांबेल, आणि थांबू द्या. गोळी तीच ठेवून रायफल चारवरून तीन किलोवर आणली तर धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांश वाढते. धातूच्या बुडाच्या पट्टीवर ते खांद्याला तिसऱ्या गोळीला कळतं, चौथ्या गोळीला तुम्ही डोळे मिटता. रबरी पॅड लावा, त्याची थोडी भर आनंदानं घ्या. आणि फक्त हलकी रायफलच हवी असेल तर पाच-सहाशे डॉलरात नवी कोरी, तीन किलोच्या आतली, दुर्बिणीसाठी तयार रायफल दुकानात मिळते. या कामावर तुमचा तेवढाच खर्च होणार आहे. मी गिऱ्हाइकाला हे आधी सांगतो. दहातले सहा ऐकून नवी घेतात. उरलेल्या चौघांना त्यांचीच रायफल हवी असते, आणि तुम्ही त्या चौघातले दिसता.

जाता जाता दोन गोष्टी. पेनसिल्व्हेनियात मोठ्या जनावराला फुटणारी किंवा पूर्ण शिशाची गोळीच चालते, फौजी टणक गोळी चालत नाही. दुकानदार स्वस्त खोकं पुढे करेल, ते फक्त निशाणाच्या सरावाला. आणि जुन्या फौजी साठ्यातली काडतुसं मारलीत तर त्याच संध्याकाळी नळीतून गरम पाणी ओता, मग तेल. काही जुन्या काडतुसांच्या प्रायमरमधलं (बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीतलं) मीठ नळी आतून खातं. तेल एकट्यानं ते निघत नाही.

रायफलीचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी उघडतो, तोवर वेळ आहे. या आठवड्यात गेज लावून घ्या, पुढचं लाकूड उतरवून आतल्या दोन तोंडांचे फोटो काढा आणि सामान उचलायचा लटकता काटा आणून रायफल रिकामी, पट्टा आणि तेलाची बाटली काढून पुन्हा तोला. तो आकडा आणि फोटो टाका, मग लाकडाचं काय करायचं ते सांगतो.